हकीमसाहेबांच्या हस्तलिखितातली भांडी

माझी मुलगी गेली तेव्हा मी रडले नाही, याची आमच्या नात्यात बरीच चर्चा झाली. काहींनी मला समजूतदार ठरवलं, काहींनी दगड. दोघांचंही चुकत होतं. मला काही होतच नव्हतं, एवढंच. ताट समोर आलं की मी जेवायची, कोणी झोप म्हटलं की आडवी व्हायची. पावसाळ्यात जन्मलेलं, जन्मापासून अशक्त असलेलं ते लेकरू दिवाळीच्या आधीच गेलं, आणि तिसऱ्या दिवशी माझा नवरा डबा घेऊन ऑफिसला गेला. ते मात्र मला लागलं. बाकी काहीच लागत नसताना तेवढं एक लागलं, आणि मी ते धरून बसले.

तो पाटबंधारे खात्यात होता. पुढे त्याची बदली परभणीला झाली. सोलापुरातलं भाड्याचं घर आम्ही सोडलं आणि सामान बाळीवेशीत माझ्या माहेरी आणून टाकलं. निघताना तो म्हणाला, "मी पुढे जातो. तुला यावंसं वाटलं की कळव." मी म्हटलं, "बघू." या 'बघू'चा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. अव्वालाही कळत होता. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या घरात अर्धं कानडी आणि अर्धं मराठी चालायचं, भांडण मात्र दोन्हींत व्हायचं. अव्वा परभणीचा विषय तोंडाने काढायची नाही, पण भाकरी वाढताना ज्या पद्धतीने ती माझ्याकडे बघायची त्यात तोच प्रश्न असायचा.

लग्नाआधी मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. तिथल्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवला, की पुण्याचे एक निवृत्त डॉक्टर जुन्या वैद्यकावर पुस्तक लिहितायत आणि त्यांना हात चांगला असलेलं माणूस पाहिजे. विजापूर वेशीजवळ एका हकीमसाहेबांच्या घरी फारसीतलं एक जुनं हस्तलिखित होतं. आदिलशाही काळातलं असावं असा डॉक्टरांचा अंदाज होता. त्यात दवाखान्यांची, बागांची, आजारी माणसांची रंगीत चित्रं होती, आणि प्रत्येक चित्रात भांडीच भांडी. ती एकेक सुटी काढून घ्यायची आणि कुठलं औषधाचं, कुठलं नुसतं शोभेचं, ते ओळखून खाली लिहायचं, असं काम होतं. फोटो काढायला हकीमसाहेबांनी साफ नकार दिला होता.

मी लगेच हो म्हटलं. आवड वगैरे काही नव्हती. काम लांबणारं होतं, म्हणून हो म्हटलं. ते चालू असेपर्यंत "परभणीला का गेली नाही" याचं उत्तर तयार होतं, आणि ते संपलं की मला जाते किंवा जात नाही हे सांगावं लागणार होतं. खरं म्हणजे संसार करायचा की मोडायचा, असा तो सरळ प्रश्न होता. मी त्या प्रश्नापुढे चित्रांतल्या बरण्या मांडून ठेवल्या.

हकीमसाहेबांचा दवाखाना खाली आणि घर वर होतं. जिन्यातच सुंठ, बडीशेप आणि गुलाबपाणी यांचा एकत्र वास यायचा. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, दाढी पांढरीशुभ्र, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. हस्तलिखित ते रेहलवर, म्हणजे पोथी ठेवायच्या घडीच्या लाकडी चौकटीवर ठेवायचे आणि पान स्वतःच उलटायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. आधी हात धुवायचे, कोरडे करायचे, शाई दूर ठेवायची, हे सगळं मला शाळेतल्या मुलीसारखं सांगून झालं. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्यांवर गेली. कागदाला ओरखडा जाईल अशी भीती त्यांना वाटली असणार.

"काढून ठेवते," मी म्हटलं.

"नक्को, नक्को. ते मी सांगनार न्हाय बेटी. मालक हाय तुमचे." त्यांनी मलमलची एक पट्टी आणून दिली. "ही बांधा वरून. आवाज बी व्हनार न्हाय."

मला बांगड्या काढायला काहीच वाटलं नसतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. रोज गेल्यावर मनगटावर पट्टी गुंडाळायची आणि खाली बसायचं, असं सुरू झालं. डॉक्टरांनी दिलेलं भिंग, कर्कटक आणि पेन्सिली एवढंच माझं सामान. चित्रावर कागद ठेवून गिरवायचं नव्हतं, तेव्हा कर्कटकाचं टोक वरच्या वर धरून माप घ्यायचं आणि नजरेने काढायचं. दोन दिवसांत मान अवघडली. पण डोकं रिकामं राहायचं, आणि मला तेच हवं होतं.

डॉक्टर मधूनमधून पुण्याहून गाडीने यायचे. बोलायला हळू, पण आपल्या विषयात अगदी पक्के. त्यांनी मला एक रीत घालून दिली. या चित्रकारांना भिंत मोकळी सोडवत नाही, ते म्हणाले. भिंतीत कोनाडे काढायचे आणि कोनाड्यांत लांब मानेच्या सुरया, फळांच्या तबकड्या, गुलाबदाण्या भरून टाकायच्या, ही त्यांची सवय. तेव्हा कोनाड्यातलं भांडं बहुतेक शोभेचं समजायचं. औषधाचं भांडं फळीवर ओळीने असतं, किंवा हकिमाच्या जवळ जमिनीवर. त्याची कंबर आत गेलेली असते, म्हणजे दाटीत ठेवलेली बरणी बोटांनी धरून ओढता येते. तोंडाला बाहेर वळलेला काठ असतो, कारण तिथे फडकं बांधून दोरा आवळायचा असतो. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो तसंच ते. हे मला पटकन समजलं. अव्वाच्या फळीवर तसल्या बरण्यांची रांगच होती.

तरी चुका व्हायच्या. एका चित्रात हकिमाने एक नाजूक काचेची कुपी उजेडाकडे धरलेली होती, आत पिवळसर पाणी. मी खाली ऐटीत 'अत्तराची कुपी' लिहिलं. हकीमसाहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि पोट धरून हसायला लागले. "बेटी, हा कारूरा हाय. आजारी मानसाची लघवी हाय त्यात. रंग बघून हकीम रोग सांगायचा. अत्तर म्हनून लावाल कुनाला!" ते इतके हसले की आतून त्यांच्या बेगमसाहेब दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मलाही हसायला हवं होतं हे मला समजत होतं. मी खोडरबर घेतला आणि ती ओळ पुसली.

असे ते दिवस गेले. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की अव्वा उठायची, मी उठायची, जेवून विजापूर वेशीकडे निघायची. वाटेत मागांची खडखड, ओट्यावर तेलुगूत बोलत कांड्या भरणाऱ्या बायका. माझ्या वयाच्या कोणाच्या कडेवर मूल दिसलं की नातेवाईक माझ्याकडे चोरून बघायचे, पण मला त्याचंही काही वाटत नसे. मूल म्हणजे मूल, बरणी म्हणजे बरणी. परभणीहून नवऱ्याचं कार्ड यायचं, त्यात प्रकृती बरी आहे, पाण्याची टंचाई आहे, एवढंच असायचं. मी उत्तरात लिहायची की काम चालू आहे.

शेवटाकडे एक मोठं चित्र होतं. मध्ये हकीम बसलाय, एक म्हातारा त्याला जीभ काढून दाखवतोय, मागे फळीवर कंबर बारीक असलेल्या बरण्या, वर कोनाड्यांत निळ्या सुरया. दाराजवळ एक बाई बसली होती. तिची मान खाली आणि हात मांडीवर. मांडीवरचा रंग उडून नुसता कागद दिसत होता. तिच्या गुडघ्याजवळ एक लहानसं भांडं होतं, बसकं, होडीच्या आकाराचं, एका बाजूला चोच निघालेली. मी ते काढलं आणि खाली लिहिलं, 'दिवा'.

बाकीची भांडी मी एका बैठकीत उतरवायची. हे काही केल्या जमेना. चोच लांब व्हायची, नाहीतर पोट फुगायचं. कागद खोडून खोडून झिरझिरीत झाला. हकीमसाहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "चिराग. हौ, चिरागच हाय." मला बरं वाटलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मात्र माझ्या 'दिवा'पाशी पेन्सिल टेकवली. "दाराबाहेर चित्रकाराने सूर्य दाखवलाय. भर दिवसा दिवा कशाला? आणि वात नाही, काजळी नाही."

"घसा बघायला लागतो की दिवा," मी म्हटलं. "तो म्हातारा जीभ काढून बसलाय ते दिसत नाही का तुम्हाला?"

माझा आवाज चढला होता. हकीमसाहेब रेहलवरून मान वर करून बघायला लागले. डॉक्टर भले माणूस, ते "असेल, असेल" म्हणून पुढच्या पानाकडे वळले. घरी जाताना मी विचार करत होते, की एवढं चिडायला काय झालं होतं. कित्येक महिन्यांत मला राग आला नव्हता, आणि आला तो एका दिव्यावरून. मग मी तो विचार सोडून दिला. तेव्हा विचार सोडून देणं मला फार सोपं झालं होतं.

चैत्र लागला, ऊन कडक झालं आणि चित्रं संपली. मी पक्क्या प्रती करायला घेतल्या. शाईने एकेक भांडं रेखायचं, खाली सुबक अक्षरात नाव घालायचं. ज्या रेघा एकदा नीट आल्या होत्या त्या मी पुन्हा काढत बसले. अव्वाच्या ते ध्यानात आलं. "जन्मभर मी जेवडी भांडी घासली न्हाईत तेवडी तू काडलीस की गं," ती म्हणाली. "आता बास कर. तो यायलाय रविवारी. त्याला काय सांगायचं ते ठरीव." नवऱ्याने तिला परस्पर कार्ड टाकलं होतं. मला न कळवता आधी तिला कळवलं, याचाही मला राग यायला हवा होता, पण तो आला नाही.

तो रात्रभर एसटीत बसून सकाळी पोचला. वाळला होता. अंघोळ केली, चहा घेतला, अव्वाशी पाण्यापावसाचं बोलला. मग अव्वाने आम्हाला वरच्या खोलीत पाठवलं आणि ती खाली शेंगा सोलत बसली. वर माझे कागद पसरलेले होते. बोलायचं काही सुचेना म्हणून मी म्हटलं, "हेच ते काम." तो पालथी मांडी घालून बसला आणि एकेक कागद उचलून बघायला लागला. कारूरा बघून त्याने विचारलं, ही काय भानगड, आणि मी सांगितल्यावर तो थोडंसं हसला. मी खिडकीपाशी उभी होते. आता हा विचारणार, आणि मी नाही म्हणणार, असं मी पायऱ्या चढतानाच ठरवलं होतं. नाही म्हणणं सोपं होतं. त्यानंतर कोणी काही विचारलं नसतं.

"हे काय लिहिलंयस?" त्याने विचारलं.

मी वळून पाहिलं. त्याच्या हातात ते दाराजवळचं भांडं होतं. "दिवा," मी म्हटलं.

"दिवा नाही हा."

"आता तुम्हीही सुरू करा. डॉक्टरांचं ऐकून झालंय माझं."

"अगं, बोंडलं आहे ते," तो म्हणाला.

आमची मुलगी अंगावर ओढत नव्हती. तेवढी ताकदच नव्हती तिच्यात. दूध काढून बोंडल्याने पाजा, असं दवाखान्यात सांगितलं होतं. माझा हात थरथरायचा. एकदा दूध तिच्या नाकात गेलं, ती निळी पडली, आणि त्यानंतर मी बोंडलं हातात घेतलं नाही. पाजायचं काम त्याने उचललं. ऑफिसला जायच्या आधी, आल्यावर, रात्री उठून. तो पाजायला बसला की मी भिंतीकडे तोंड करून पडायची. चोच तिच्या तोंडात जाताना मला बघवत नसे.

तो कागदाकडेच बघत होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वळली. अंगठा मागे, दोन बोटं खाली, मनगट जरासं तिरकं. "चोच मधोमध धरली की तिला ठसका लागायचा," तो म्हणाला. "ओठाच्या कोपऱ्यात धरावी लागायची. एक थेंब सोडायचा, गिळू द्यायचं, मग दुसरा. ह्याची चोच बघ, बरोबर तशीच आहे, टोकाला बारीक. चित्र काढणाऱ्याने घरात बघितलेलं असणार."

मी खिडकीपासून त्याच्याजवळ आले.

"घरी बसलो की त्या वेळा यायच्या," तो म्हणाला. "आता उठायला पाहिजे, आता दूध कोमट करायला पाहिजे. हात तिकडे जायचा. ऑफिसात त्या वेळा कळायच्या नाहीत. म्हणून गेलो मी. तुला ते आवडलं नाही, ते समजलं होतं मला."

इतके महिने मी जे धरून बसले होते ते असं होतं. मला त्याची लाज वाटली असं मी म्हणणार नाही. मला हलकंही वाटलं नाही. मी त्याच्यासमोर खाली बसले. चित्रातल्या त्या बाईच्या मांडीवरचा रंग उडाला होता, तिथे मूल होतं. हकीमसाहेबांच्या घरी तान्ह्याला कापसाच्या बोळ्याने पाजायचे, त्यांनी बोंडलं कधी बघितलेलंच नव्हतं, हे पुढे त्यांनीच सांगितलं. डॉक्टरांनी बघितलं असणार, पण पुस्तकात ते सापडेल असं त्यांच्या मनात आलं नसेल. मला मात्र ते माहीत होतं. आपल्या हातांनी मी ते इतक्या वेळा काढलं, पुसलं, पुन्हा काढलं, आणि ओळखलं नाही.

शाई होती म्हणून पुसता येईना. मी ब्लेडने 'दिवा' खरवडून काढलं आणि तिथे नीट अक्षरात 'बोंडलं' लिहिलं. त्याने कागद धरून ठेवला. अक्षर जरा वाकडं आलं. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत बसलो.

मग मी विचारलं, "तिकडे घर कसं आहे?"

तो जाऊन इतके दिवस झाले होते, पण हे मी पहिल्यांदाच विचारत होते.

"घर घेतलंच नाही," तो म्हणाला. "ऑफिसच्या विश्रामगृहात राहतो. बघायला गेलो होतो एकदोन ठिकाणी. घरमालक पहिलं हेच विचारतात, माणसं किती. मला ते सांगता येत नाही. मग मी नंतर येतो म्हणून निघून येतो."

खाली अव्वाच्या शेंगा सोलण्याचा आवाज थांबला होता. ती ऐकत असणार. मी पेन पुसून ठेवलं, दौतीला बूच लावलं.

"दोन सांगा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "दोन," तो म्हणाला. आम्ही दोघंच होतो, दोघंच राहणार होतो, आणि ते त्या घरमालकाला मोजून सांगावं लागणार होतं. तेव्हा मला रडू आलं. दिवाळीच्या आधीपासून जे आलं नव्हतं ते सगळं आलं, मोठ्या आवाजात, शेजारीपाजारी ऐकतील याची पर्वा न करता. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. अव्वाने खालून जेवायला हाक मारली नाही, आणि आम्हीही बराच वेळ खाली गेलो नाही.